भक्तीत पहिला नंबर

‘सेव्ह्ड!’ या अमेरिकन चित्रपटातल्या मेरीच्या हातून पाप घडतं ते देवाचं ऐकल्यामुळे. अमेरिकन ईगल ख्रिश्चन हायस्कूल नावाच्या शाळेत ती शेवटच्या वर्षाला जाणार असते. सुट्टीत ती आणि तिचा मित्र डीन पोहण्याच्या तलावात उतरतात आणि पाण्याखाली एकमेकांना गुपितं सांगायचा खेळ खेळतात. डीन सांगतो, मला वाटतं मी समलिंगी आहे. मेरी दचकते, तिचं डोकं आपटतं, आणि तिला बाहेर काढायला आलेल्या दाढीवाल्या कामगारात अर्धवट शुद्धीत तिला येशू दिसतो. डीनला मदत कर, जमेल ते सगळं कर, असं तो सांगतो आहे असं तिला ऐकू येतं. लहानपणापासून येशूवर जीव टाकणाऱ्या मुलीने ही आज्ञा कशी मोडावी? लग्नापर्यंत जपायचं म्हणून ठरवलेलं कौमार्य ती डीनला ‘बरं’ करण्यासाठी देऊन टाकते. पवित्र कामासाठी दिलं तर येशू ते परत देईल, अशी तिची खात्री असते. डीन अर्थातच बदलत नाही. आईवडिलांना त्याचं गुपित कळतं आणि त्याची रवानगी मर्सी हाऊस नावाच्या सुधारगृहात होते. मेरीला दिवस जातात. चाचणीचा निकाल कळायच्या आधी ती मनोमन मागणं मागते, की हा कॅन्सर निघू दे.

हे मागणं विनोद म्हणून लिहिलेलं आहे आणि ते विनोदी आहेच. पण त्यामागचा हिशेब बघा. कॅन्सर झाला तर सगळी शाळा हात धरून तिच्यासाठी प्रार्थनेला उभी राहील, मूल झालं तर हीच शाळा तिला दाराबाहेर काढेल, हे त्या मुलीला पक्कं ठाऊक आहे. शाळेने जे शिकवलं त्यातून तिने काढलेला निष्कर्ष अगदी बरोबर आहे. या एका मागण्यामुळे मी हा चित्रपट कधीच हलका मानू शकले नाही.

चित्रपट आला २००४ साली. ब्रायन डॅनेली हा दिग्दर्शक, मायकल अर्बनबरोबर त्यानेच तो लिहिला. डॅनेली स्वतः लहानपणी कॅथलिक शाळेत आणि पुढे बॅप्टिस्ट हायस्कूलमध्ये शिकलेला. निर्मात्यांमध्ये ‘आर.ई.एम.’ या रॉक बँडचा गायक मायकल स्टाइप होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत मेल गिब्सनचा ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’ प्रदर्शित झाला होता आणि चर्चेस गठ्ठ्याने तिकिटं काढून आपल्या लोकांना तो दाखवायला नेत होती. मे महिन्यात ही छोटी कॉमेडी चित्रपटगृहांत आली तेव्हा अमेरिकेतली हवा अशी होती. १९९३ मध्ये सदर्न बॅप्टिस्टांनी सुरू केलेल्या ‘ट्रू लव्ह वेट्स’ मोहिमेत लग्नापर्यंत शुद्ध राहण्याच्या प्रतिज्ञापत्रांवर शाळकरी मुलंमुली सह्या करत होती. मेरीच्या शाळेत अतिशयोक्ती आहे, पण तिच्या भिंती खऱ्या विटांच्या आहेत.

धार्मिक शाळांची टर उडवणाऱ्या किशोरवयीन कॉमेड्या मी आवडीने शोधून पाहत आले आहे. या चित्रपटांना उथळ म्हणणारे लोक मला भेटतात तेव्हा वाईट वाटतं, कारण यांत एक गोष्ट फार नेमकी पकडलेली असते. मोठी माणसं सवयीने जे बोलतात ते पोरं अक्षरशः खरं धरतात. ‘देव सगळं पाहतो’ हे वाक्य घरात, देवळात, चर्चमध्ये, मशिदीत रोज कुणी ना कुणी उच्चारतं आणि पुढच्या कामाला लागतं. पंधरा वर्षांची मुलगी पुढच्या कामाला लागत नाही. ती त्या वाक्यापाशी थांबते. सगळं म्हणजे काय काय? न्हाणीघरातलंही? मनातलंही? ज्या वयात शरीर रोज काहीतरी नवं सांगत असतं त्याच वयात तिला ही वाक्यं तपासून पाहावी लागतात आणि तपासायची जागा असते शाळा, जिथे हजेरी घेतली जाते, शेरे मिळतात आणि चाळीस डोळे आपल्याकडे लागलेले असतात. विनोद तिथे आपोआप जन्माला येतो. तो श्रद्धेच्या अभावातून येत नाही, तिच्या अतिरेकी प्रामाणिकपणातून येतो.

हे मला कळायला एक जुनी ओळख उपयोगी पडली. मी नन्सच्या शाळेत शिकले. जिल्ह्याच्या गावची मुलींची शाळा. मॉरल सायन्सच्या तासाला वर्ग दुभंगायचा. कॅथलिक मुली वह्या उचलून शेजारच्या खोलीत कॅटेकिझमला, म्हणजे धर्मशिक्षणाला, जायच्या आणि आम्ही उरलेल्या, म्हणजे हिंदू, जैन, मुसलमान आणि एक पारशी, जागीच बसायचो. आमच्या पुस्तकात आज्ञाधारक मुलं आणि दयाळू राजे असत. त्या गोष्टींनी आमच्यातल्या कुणाची झोप उडाल्याचं आठवत नाही. शेजारच्या खोलीत मात्र काहीतरी खरं चाललं आहे, आत्मा, पाप, स्वर्ग असल्या मोठ्या गोष्टींची वाटणी तिथे होते आहे, असं मला वाटायचं आणि त्या मुलींचा हेवा वाटायचा. माझ्या बाकावरची मैत्रीण त्यांतली एक. पहिल्या कन्फेशनच्या वेळी तिला फादरना सांगण्याजोगं पापच आठवेना. रांग पुढे सरकत होती, मागे मुली उभ्या होत्या. तिने एक पाप रचलं आणि सांगितलं. मग कन्फेशनच्या जाळीपाशी गुडघे टेकून आपण खोटं बोललो, आता हे खरं पाप झालं आणि ते सांगायचं तर आधीचं रचलेलं होतं हेही सांगावं लागणार, या फेऱ्यात ती अडकली. कितीतरी दिवस ती डबा नीट खात नव्हती. मला तिने हे सांगितलं तेव्हा ती रडत होती आणि मी हसले नाही. इतकी कठीण नैतिक समस्या आमच्या मॉरल सायन्सच्या पुस्तकात एकही नव्हती.

आता हिलरी फेबद्दल बोलायला हवं. ‘सेव्ह्ड!’ची खलनायिका ती. मँडी मूरने ती भूमिका इतक्या मनापासून केली आहे की तिचा राग यायला लागतो आणि थोड्या वेळाने राग टिकत नाही. शाळेतल्या सर्वांत भाविक मुलींच्या गटाची ती पुढारी. सुंदर, नीटनेटकी, गोड आवाजाची. तिचा भाऊ रोलंड चाकाच्या खुर्चीत असतो, ती खुर्ची ढकलत ती अशी चालते की आपली सेवा सगळ्यांना दिसावी. मेरी बदलली आहे हे लक्षात आल्यावर हिलरी फे आणि तिच्या मैत्रिणी मेरीला भररस्त्यात गाडीत कोंबतात आणि तिच्या अंगातला सैतान काढायला बघतात. मेरी सुटून चालायला लागते तेव्हा हिलरी फे हातातलं बायबल तिच्या पाठीवर फेकून मारते आणि त्याच दमात आपण ख्रिस्ताच्या प्रेमाने ओतप्रोत असल्याचं ओरडून सांगते. मेरी ते पुस्तक उचलते आणि हे शस्त्र नाही असं तिला सुनावते. चित्रपटाचा सगळा आशय या अर्ध्या मिनिटात आहे, असं याविषयी लिहिणारे बहुतेक म्हणतात. मला तो दुसरीकडे सापडतो. हिलरी फे खोटं बोलत नसते. ती खरोखरच मेरीला नरकापासून वाचवायला निघालेली असते.

आपल्याकडच्या ढोंगी माणसाशी ताडून पाहिलं की तिचं वेगळेपण कळतं. प्रभातच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’मधला सालोमालो आठवा. दामले आणि फत्तेलाल यांनी त्या चित्रपटात तुकारामांच्या शांतपणासमोर सालोमालोची धांदल उभी केली. तुकारामांचे अभंग तो आपले म्हणून खपवतो, कट रचतो, तोंडावर आपटतो. त्याच्यावर हसणं सोपं आहे, कारण आपण चोर आहोत हे सालोमालोला माहीत असतं. अत्र्यांच्या ‘बुवा तेथे बाया’मधल्या बुवालाही ते माहीत असतं. तुकोबांनी ज्या भोंदूंना झोडपलं त्यांनाही असणार. आपली ढोंग्याची कल्पनाच अशी आहे, की त्याला आतून सत्य ठाऊक आहे आणि तो बाहेरून वेगळं दाखवतो. म्हणून मुखवटा ओढला की नाटक संपतं. हिलरी फेचा मुखवटा ओढायला गेलं तर खाली पुन्हा तोच चेहरा निघतो. तिचा देवावर विश्वास आहे, शाळेवर आहे आणि शाळेने शिकवलेल्या एका गोष्टीवर तर तिचा फारच विश्वास आहे. ती गोष्ट म्हणजे, चांगुलपणा दिसला पाहिजे आणि जो दिसतो त्याचा नंबर लागतो.

ती टॉपर आहे. शाळा आपल्या हुशार मुलांकडून जे करून घेते तेच तिने केलं आहे, फक्त विषय गणित नसून भक्ती आहे. गणितात पहिल्या आलेल्या मुलीचं फारसं बिघडत नाही. भक्तीत पहिला नंबर काढायचा तर दुसऱ्या कुणाला तरी खालचा नंबर असावा लागतो, आणि मग मेरी लागते, डीन लागतो, सिगारेट ओढणारी कॅसँड्रा लागते. कॅसँड्रा ही त्या शाळेतली एकुलती एक ज्यू मुलगी, आणि हिलरी फेच्या वहीत ती ‘उद्धार करायचा आहे’ या रकान्यात. पुढे कळतं की सुंदर हिलरी फे स्वतः काही वर्षांपूर्वी लठ्ठ आणि कुरूप समजली जात होती. तिचा जुना फोटो रोलंड आणि कॅसँड्रा शाळाभर पसरवतात तेव्हा सगळे हसतात. हसणाऱ्यांच्या बाजूने उभं राहायला मला जमत नाही. त्या फोटोतल्या मुलीला कुणीतरी एकदा खालचा नंबर दिला होता. वर चढायला तिला एकच शिडी दिसली, ती येशूच्या नावाची. ती त्या शिडीवरून चढली, यात तिचा जितका दोष आहे त्याहून मोठा दोष ती शिडी तिथे उभी करून ठेवणाऱ्यांचा आहे.

त्या शिडीशी उभा आहे पास्टर स्किप. मार्टिन डोनोव्हनने तो फार बारकाईने केला आहे. तरुणांच्या भाषेत बोलायचं म्हणून हा मुख्याध्यापक शाळेच्या मंचावर कोलांटी मारत येतो. बायकोपासून तो वेगळा राहतो आहे आणि मेरीच्या विधवा आईवर त्याचा जीव जडला आहे. धर्मग्रंथात काळं आणि पांढरं एवढंच आहे, असं मुलांना सांगणाऱ्या या माणसाचं सगळं आयुष्य करड्या रंगात चाललं आहे. त्याला हे कळतं, त्याला लाज वाटते, आणि तरी शाळेत तो काळ्या-पांढऱ्याचंच बोलत राहतो, कारण त्याला दुसरी भाषाच येत नाही. या पात्राचा मला तिरस्कार वाटत नाही. मुलांसमोर आपली अडचण कबूल करण्याचं धाडस किती शिक्षकांकडे असतं?

‘सेव्ह्ड!’चा शेवट मला पटत नाही, हेही सांगते. प्रॉमच्या रात्री सगळे एकत्र येतात, डीन मर्सी हाऊसमधून आपल्या मित्राला घेऊन परततो, हिलरी फेची कृत्यं उघडी पडतात, रागाच्या भरात ती गाडी शाळेसमोरच्या येशूच्या भल्यामोठ्या प्रतिमेवर नेऊन आदळते. आणि मेरी भाषण करते. इतकं सगळं कुणालाच शंभर टक्के पाळता येत नाही, पास्टर स्किपलाही नाही, असं ती म्हणते. जे म्हणते ते खरं आहे. पण तासभर ज्या चित्रपटाने प्रवचनांकडे इतक्या सूक्ष्म नजरेने पाहिलं त्याने शेवटी स्वतःच प्रवचन द्यावं, ही त्याची उणीव आहे. बायबल फेकण्याच्या प्रसंगात जे एका कृतीत सांगून झालं होतं ते इथे वाक्यांत पुन्हा येतं.

उमेश कुलकर्णींचा ‘देऊळ’ २०११ मध्ये आला तेव्हा मला मेरीची आठवण आली होती. तो शाळेचा चित्रपट नाही, पण सुरुवात तीच आहे. करडी गाय शोधत गेलेल्या भोळ्या केश्याला औदुंबराखाली दत्ताचं दर्शन होतं. मेरीला तलावात, केश्याला झाडाखाली. दोघंही खरं बोलत असतात. पुढे गाव त्या दर्शनाचं काय करतं हा ‘देऊळ’चा विषय, आणि शाळा त्या दर्शनाचं काय करते हा ‘सेव्ह्ड!’चा. दोन्हीकडे ज्याला देव दिसला त्यालाच शेवटी सगळ्यांत परकं वाटू लागतं. मराठी प्रेक्षकाला हे पाहताना अवघड गेलं नाही याचं कारण आपल्याकडे ही नजर जुनी आहे. एकनाथांनी भारुडांत सोंगं आणली, भक्तीच्या बाजारावर लोकांना हसवलं, आणि स्वतः ते भक्तीत आकंठ बुडालेले होते. देवळाच्या आवारात उभं राहून, देवाला पाठ न दाखवता केलेली ही थट्टा आहे. ज्याला आतल्या गोष्टीची किंमत आहे त्यालाच तिची विटंबना कुठे होते हे नेमकं दिसतं.

या जातीच्या चित्रपटांचा हॉलीवूडमधला जुना नमुना म्हणजे १९६६ चा ‘द ट्रबल विथ एंजल्स’. आयडा लुपिनो या बाईंनी तो दिग्दर्शित केला, ज्या काळात हॉलीवूडमध्ये बाई दिग्दर्शकाच्या खुर्चीत जवळजवळ दिसतच नसे. हेली मिल्सची मेरी क्लॅन्सी आणि तिची मैत्रीण रेचल नन्सच्या निवासी शाळेत खोड्यांचा कहर करतात, आणि रोझलिंड रसेलच्या मदर सुपीरियरशी त्यांचं वर्षानुवर्षं युद्ध चालतं. चित्रपट गोड आहे, जरा जास्तच गोड. शेवटी ही सगळ्यांत वांड मुलगीच नन व्हायचं ठरवते. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हा शेवट चर्चला खूश करायला जोडलेला वाटला. नंतर नीट पाहिल्यावर दिसलं की लुपिनोने त्याची तयारी सगळ्या चित्रपटभर केली आहे. खोड्या काढायला मेरी क्लॅन्सी सारखी नन्सच्या मागावर असते, दाराआडून बघते, कान देते. जी मुलगी इतकी लक्ष ठेवून असते तिला मदर सुपीरियरचं एकटेपण दिसतं, सहकारी सिस्टरच्या मृत्यूनंतरचं तिचं रडणं दिसतं. ते पाहिल्यावर ती आधीसारखी राहत नाही.

२०१९ चा ‘येस, गॉड, येस’ याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. कॅरन मेन ही दिग्दर्शिका आयोवात कॅथलिक वातावरणात वाढलेली, आणि तिने आपल्याच किशोरवयाला हात घातला. काळ दोन हजार सालच्या आसपासचा, डायल-अप इंटरनेटचा. अ‍ॅलिस नावाची सोळा वर्षांची मुलगी ‘टायटॅनिक’च्या व्हिडिओ कॅसेटमधला गाडीतला प्रसंग पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहते आणि आपण नरकात जाणार या भीतीने दिवस काढते. तिच्याबद्दल शाळेत एक अश्लील अफवा पसरली आहे. ज्या शब्दांत ती पसरली आहे त्यांचा अर्थही तिला माहीत नाही. सगळे तिला ज्या गोष्टीसाठी दोषी धरत आहेत ती गोष्ट म्हणजे काय हेच ती चित्रपटभर शोधत असते. नैतिकतेच्या तासाला फादर मर्फी समजावून सांगतात की मुलगे मायक्रोवेव्हसारखे झटकन तापतात आणि मुली साध्या ओव्हनसारख्या हळूहळू. वर्गातली मुलं हे वहीत उतरवून घेतात. मायक्रोवेव्ह म्हणवून घेणाऱ्या मुलांवरही यात अन्याय आहे, आणि ओव्हन व्हायला सांगितलेली अ‍ॅलिस तर मुळातच हळूहळू तापत नसल्यामुळे आपण कोणत्या जातीचं यंत्र आहोत या विचाराने हवालदिल झालेली आहे.

अ‍ॅलिस शाळेच्या चार दिवसांच्या आध्यात्मिक शिबिराला जाते. तिथे मुलांची घड्याळं काढून घेतात. मोठी मुलं उभी राहून आपले अनुभव सांगतात, रडतात, एकमेकांना मिठ्या मारतात. अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांत ‘कैरोस’ नावाची अशी शिबिरं खरोखरच होतात आणि त्यातून गेलेल्या अनेकांना ती आयुष्यभर मोलाची वाटतात. चित्रपट ते रडणं खोटं ठरवत नाही, ही त्याची जमेची बाजू. तो एवढंच दाखवतो की जी पुढारी मुलगी दिवसा पावित्र्यावर बोलते तीच झाडीत एका मुलाबरोबर असते, आणि फादर मर्फी आपल्या खोलीत संगणकावर तेच पाहत असतात ज्यासाठी अ‍ॅलिस नरकाला घाबरते आहे. हे कळल्यावर अ‍ॅलिस काय करते ते मला फार महत्त्वाचं वाटतं. ती कुणाचाही भांडाफोड करत नाही. तिच्या हातात फादरांना उद्ध्वस्त करण्याचं साधन असतं आणि ती ते वापरत नाही. हिलरी फेने जे पुस्तक फेकून मारलं असतं ते अ‍ॅलिस हातातच धरून ठेवते. शाळेने जी क्षमा फळ्यावर लिहून शिकवली ती संपूर्ण चित्रपटात अमलात आणते ती ही एकटी, सगळ्यांनी बदनाम केलेली मुलगी.  

शिबिरातून पळून अ‍ॅलिस एका लेस्बियन बारमध्ये जाऊन बसते. बार चालवणारी बाई पूर्वीची कॅथलिक. ती अ‍ॅलिसला न हसता, न घाबरवता उत्तरं देते. मोठ्या माणसाने मुलाच्या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं, एवढी एक घटना या चित्रपटात घडायला बारपर्यंत जावं लागतं, हे दृश्य मला अजूनही अस्वस्थ करतं.

या सगळ्यांत माझा जीव मात्र ‘लेडी बर्ड’वर आहे. ग्रेटा गर्विगचा २०१७ चा हा चित्रपट निव्वळ व्यंग नाही. कॅलिफोर्नियातलं सॅक्रामेंटो शहर, २००२-०३ चं शालेय वर्ष, मुलींची कॅथलिक शाळा, आणि स्वतःला लेडी बर्ड म्हणवून घेणारी क्रिस्टीन. गर्विग स्वतः सॅक्रामेंटोच्या अशाच शाळेत शिकली. गंमत म्हणजे ती कॅथलिक नव्हती, युनिटेरियन घरातली होती. हे वाचलं तेव्हा मला मॉरल सायन्सचा वर्ग आठवला. शेजारच्या खोलीकडे कान लावून बसलेली मुलगीसुद्धा त्या खोलीविषयी खरं सांगू शकते, जर तिने कान नीट लावला असेल तर. आतला कोण आणि बाहेरचा कोण हे जन्माच्या दाखल्यावर ठरत नाही, असं मला या चित्रपटामुळे वाटू लागलं.

या शाळेत काय काय होतं? लेडी बर्ड आणि तिची मैत्रीण ज्युली जमिनीवर आडव्या पडून, पाय वर टेकवून, अजून पवित्र न केलेल्या ख्रिस्तप्रसादाच्या चकत्या खाऊ म्हणून खातात आणि गप्पा मारतात. नाटक बसवणारे फादर मुलांना सांगतात की सगळ्यात आधी जो रडेल तो जिंकला, आणि सूचना संपायच्या आत स्वतःच रडायला लागतात. पुढे कळतं की या माणसाच्या मनात खरोखरच खोल दुःख साचलेलं आहे. नाटकाची जबाबदारी मग फुटबॉल शिकवणाऱ्या फादरांकडे जाते आणि ते शेक्सपिअरचा प्रवेश सामन्याच्या डावपेचासारखा फळ्यावर आखून दाखवतात. प्रत्येक ठिकाणी हसू येतं आणि एकाही ठिकाणी कुणाचा अपमान होत नाही.

लेडी बर्ड आणि तिची नवी श्रीमंत मैत्रीण मुख्याध्यापिका सिस्टर सारा जोनच्या गाडीला मागून डबे बांधतात आणि काचेवर लिहितात की येशूशी नुकतंच लग्न झालं आहे. अशा चित्रपटांच्या रिवाजाप्रमाणे आता शिक्षा व्हायला हवी. सिस्टर तिला बोलावते आणि सांगते की हे फार मजेशीर होतं, फक्त एक चूक आहे, माझं लग्न नुकतं झालेलं नाही, चाळीस वर्षं झाली. लॉइस स्मिथ या वृद्ध अभिनेत्रीने हे वाक्य ज्या प्रसन्नपणे म्हटलं आहे ते पाहण्यासाठी मी तो प्रसंग अनेकदा लावला आहे. चाळीस वर्षांच्या निष्ठेला पोरीच्या खोडीने ओरखडाही जात नाही. ती निष्ठा कुणाला दाखवायला नव्हतीच, तिचा नंबर लागायचा नव्हता, म्हणून तिला थट्टेची भीती नाही. हिलरी फेला हे कुणी दाखवलं असतं तर? तिच्या शाळेत अशी एक जरी म्हातारी सिस्टर असती तर?

याच सिस्टरने पुढे लेडी बर्डचा कॉलेजसाठी लिहिलेला निबंध वाचून, तुझं या शहरावर प्रेम आहे असं सांगणं आणि मुलीने, मी फक्त लक्ष देऊन पाहते, असं म्हणणं, त्यावर सिस्टरचं म्हणणं की प्रेम आणि लक्ष देणं हे कदाचित एकच असेल, हा प्रसंग अनेकांना पाठ आहे. शाळा सोडायला आतुर झालेली मुलगी शेवटी न्यूयॉर्कमध्ये रविवारी सकाळी चर्चमध्ये जाऊन उभी राहते. तिची श्रद्धा परत आली असं चित्रपट म्हणत नाही. तिथलं गाणं तिला ऐकावंसं वाटतं, आणि ती घरी फोन करते.

मराठीत असा चित्रपट का नाही, हा प्रश्न मला बरेच दिवस छळतो आहे. ‘शाळा’ आहे, इतर चांगले शालेय चित्रपट आहेत, पण धर्म शिकवणारी शाळा आणि तिच्यात वाढणारं पोर यांची कॉमेडी नाही. आपल्याकडे ती करणं अवघड आहे याची मला कल्पना आहे. दुसऱ्याच्या धर्मावर केली तर ती चिखलफेक होते, आणि आपल्यावर केली तर घरचे लोक दगड घेऊन येतात. तरीही साहित्य समोर पडलेलं आहे. वेदपाठशाळेत स्वर चुकला म्हणून उभा राहिलेला बटू आहे. मदरशातून सुटून क्रिकेट खेळायला धावणारा मुलगा आहे. सुट्टीतल्या संस्कारवर्गात श्लोकपाठांतराचं पहिलं बक्षीस सतत जिंकणारी आणि म्हणून कुणालाच न आवडणारी मुलगी आहे. तिला तर मी ओळखते.

आणि वसई आहे. तिथल्या कॅथलिक समाजाच्या घरात मराठीच्या बोली आहेत, चर्चमध्ये मराठी प्रार्थना आहे, ‘सुवार्ता’सारखं मराठी मासिक आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीत आणलं आणि २०२० साली धाराशिवच्या म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. मराठीत प्रार्थना करणारी, मराठीत पापं मोजणारी, फुलांच्या आणि केळीच्या वाड्यांतून सायकलवर कॅटेकिझमला जाणारी मुलगी तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. कन्फेशनच्या रांगेत तिला काय काय सुचतं, मोठी माणसं तिला काय सांगतात आणि ती त्यातलं काय अक्षरशः खरं धरते, हे तिच्याशिवाय कुणालाही लिहिता येणार नाही. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीला लिहायचं नव्हतं, ती हिशेबनीस झाली आणि सुखात आहे. वसईच्या एखाद्या मुलीने मात्र हे लिहायला घेतलं असेल, अशी मी मनापासून आशा करते. तिने घाबरून त्यात प्रवचन घालू नये. आणि तिच्या चित्रपटात भक्तीत पहिली येणारी एक मुलगी असेल तर तिच्यावर तिने आईसारखी माया करावी.